रंगाचं काम रंगापुरतं नाही

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होण्याच्या बऱ्याच आधी थॉमस जेफरसन हा व्हर्जिनियातला एक मोठा जमीनदार होता. त्याच्या पदरी शेकडो गुलाम होते आणि प्रत्येक गोष्ट टिपून ठेवायची त्याला दांडगी हौस होती. व्हर्जिनियाची माहिती देणारं त्याचं पुस्तक 1785 साली पॅरिसमध्ये छापलं गेलं. त्यात नद्या आहेत, डोंगर आहेत, खाणी आहेत, झाडं आणि जनावरं आहेत. मग पक्ष्यांची लांबलचक यादी येते. ती संपते आणि मासे-किड्यांकडे वळण्याआधी, मध्येच, माणसं येतात. काळ्या आईबापांच्या पोटी जन्मलेली पांढरीफटक माणसं. चौघं त्यानं स्वतः पाहिलेली, तिघांची हकिकत खात्रीच्या माणसांकडून कळलेली.

गुलामांना पशुपक्ष्यांच्या यादीला जोडून टाकणारी ही नजर आज वाचताना बोचते. पण त्या नजरेनं टिपलेले तपशील मात्र थक्क करतात. त्यातल्या तिघी सख्ख्या बहिणी होत्या. त्यांना आणखी दोन सख्ख्या बहिणी होत्या, त्या काळ्या. तिघींतली सर्वांत धाकटी बाराव्या वर्षी वीज पडून गेली. थोरली आणि मधली यांना काळ्या पुरुषांपासून मुलं झाली आणि ती सगळी काळीच निपजली. या लोकांची प्रकृती ठणठणीत असते, अडचण असते ती फक्त डोळ्यांची, हेही त्यानं नोंदवलं. डोळे सतत थरथरत असतात आणि ऊन सहन होत नाही, असं तो लिहितो. शेवटी तो वेगळ्याच एका माणसाची गोष्ट सांगतो. जन्मतः काळा असलेला हा मुलगा, लहानपणी त्याच्या हनुवटीवर पांढरा डाग उमटला आणि मोठा होईपर्यंत ओठ, एक गाल आणि मानेपर्यंत पसरला. आपण ज्याला कोड म्हणतो, तेच बहुधा हे. कोडात आधी असलेला रंग जातो. अल्बिनिझममध्ये, म्हणजे त्या तिघी बहिणींसारख्या माणसांत, तो जन्मापासूनच नसतो किंवा फार थोडा असतो. आपल्याकडे आजही या दोन गोष्टींची गल्लत होते.

जेफरसनला कळायला मार्ग नव्हता, पण अल्बिनिझमच्या शास्त्रातली दोन मोठी कोडी त्याच्या या एका परिच्छेदात आली होती. पहिलं, एकाच आईबापाच्या पाच मुलींपैकी तिघीच पांढऱ्या का आणि त्यांची स्वतःची मुलं पुन्हा काळी का? दुसरं, रंग कातडीतून गेला तर डोळे का थरथरावेत?

पहिल्या कोड्याचं उत्तर आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलच्या वाटाण्यांत होतं. त्याचा निबंध 1866 साली छापून आला, पण 1900पर्यंत तो विस्मरणातच पडून होता. तो पुन्हा उजेडात आल्यावर तीनच वर्षांत, 1903 साली, विल्यम फॅरबी या अमेरिकी मानवशास्त्रज्ञानं मिसिसिपी राज्यातल्या एका काळ्या कुटुंबाची वंशावळ प्रसिद्ध केली. आजोबा अल्बिनो होते. त्यांचे तिन्ही मुलगे नेहमीच्या रंगाचे. पण त्यांतल्या एका मुलाला दोन बायकांपासून झालेल्या 15 मुलांपैकी 4 अल्बिनो निघाली. साधारण चारात एक. हार्वर्डच्या विल्यम कॅसल यांनी लगेच दाखवून दिलं की वाटाण्यांचा नियम माणसालाही लागू पडतो आहे.

नियम असा. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. रंग घडवणाऱ्या जनुकाची एक प्रत बिघडली तरी दुसरी काम निभावून नेते. अशा माणसाला आपण वाहक आहोत हे आयुष्यभर कळतही नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी, की मुलाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्याच प्रती येतील. त्या बहिणींचे आईवडील दोघंही वाहक असणार. बहिणींच्या जोडीदारांकडून मुलांना चांगली प्रत मिळाली, म्हणून मुलं काळी झाली. यात आईला लागलेलं ग्रहण नाही, गरोदरपणी खाल्लेलं काही नाही आणि कुणाचं पापही नाही.

पण प्रत बिघडते म्हणजे नेमकं काय बिघडतं? 1908 साली लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरॉड या डॉक्टरांनी व्याख्यानं दिली आणि चयापचयातल्या जन्मजात दोषांची कल्पना मांडली. शरीरात एका पदार्थाचं दुसऱ्यात रूपांतर टप्प्याटप्प्यानं होत असतं, आणि आनुवंशिक दोषामुळे एखादा टप्पाच बंद राहू शकतो. त्यांनी चार उदाहरणं दिली, त्यांत अल्बिनिझम होता. पुढे तो टप्पाही सापडला. टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल आपल्याला रोजच्या अन्नातून मिळतं. तांब्याचा अंश असलेलं टायरोसिनेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, त्याच्यावर काम करतं आणि पुढच्या पायऱ्यांनंतर मेलॅनिन तयार होतं. कातडी, केस आणि डोळे या तिन्हींचा रंग हाच.

इथे बहुतेकांना चकवणारी एक गोष्ट आहे. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी गोऱ्या माणसात कमी आणि काळ्यात जास्त, असं नसतं. पुण्यातला घारागोरा माणूस आणि नायजेरियातला काळाकभिन्न माणूस यांच्या कातडीत या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो त्या किती आणि कुठल्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात यात. अल्बिनो माणसाच्या कातडीतही या पेशी आपापल्या जागी हजर असतात. मेलॅनिनचे कण साठवायच्या सूक्ष्म पिशव्याही त्यांच्यात असतात. फक्त पिशव्या रिकाम्या, किंवा जेमतेम भरलेल्या. एरवी हे कण आजूबाजूच्या पेशींमध्ये जातात, पेशीकेंद्राच्या वरच्या बाजूला गोळा होतात आणि डीएनएला उन्हातल्या अतिनील किरणांपासून जपतात. ते नसले की कातडी भाजते आणि वर्षानुवर्षं ऊन लागत राहिलं की कर्करोगाचा धोका वाढतो.

मिनेसोटा विद्यापीठातले कार्ल विटकॉप यांनी 1960च्या दशकात एक साधी तपासणी रूढ केली. अल्बिनो माणसाचा एक केस मुळासकट उपटायचा आणि टायरोसिनच्या द्रावणात ठेवायचा. काहींच्या केसांची मुळं काळी पडायची, काहींची तशीच पांढरी राहायची. बाहेरून एकसारखं दिसणारं हे रंगाचं नसणं आत एकाहून जास्त प्रकारचं आहे, हे त्यातून उघड झालं. एकात टायरोसिनेजच नादुरुस्त, त्याचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर. दुसऱ्यात टायरोसिनेज धडधाकट, पण रंगाच्या पिशवीतली आम्लता योग्य राखणारं प्रथिन बिघडलेलं, त्याचं जनुक पंधराव्या गुणसूत्रावर. आज अल्बिनिझमशी जोडलेली सुमारे वीस जनुकं माहीत आहेत. डोळ्यांपुरत्या अल्बिनिझमचं एक जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, त्यामुळे तो प्रकार मुख्यतः मुलग्यांत दिसतो.

या भिन्नतेतून एक नवलाची शक्यता निर्माण होते. 1952 साली ब्रिटनमधल्या एका डॉक्टरांनी अशा जोडप्याची नोंद केली, ज्यात नवरा आणि बायको दोघंही अल्बिनो होते आणि त्यांची मुलं मात्र नेहमीच्या रंगाची. एका घरात पीठ नाही आणि दुसऱ्या घरात तवा नाही, तर दोन्हीकडे भाकरी होत नाही. पण मुलांना एकीकडून तवा मिळाला, दुसरीकडून पीठ.

याहून अजब प्रकार मिनेसोटाच्याच रिचर्ड किंग आणि सहकाऱ्यांनी 1991 साली उलगडला. काही अल्बिनो माणसांच्या डोक्यावरचे केस पांढरे, काखेतले पांढरे, पण वयात आल्यावर हातापायांवरचे केस काळसर होतात. त्यांचं टायरोसिनेज उष्णतेला नाजूक असतं. शरीराच्या उबदार भागात ते निकामी होतं आणि हातापायांच्या थंड कातडीत चालू राहतं. सयामी मांजराचं अंग फिकट आणि कान, पंजे, शेपूट गडद असतात, त्यामागे हेच कारण आहे. म्हणजे जिथे तापमान कमी, तिथे रंग उमटला. माणसाच्या अंगावर काढलेला हा तापमानाचा नकाशाच म्हणायचा.

आता दुसरं कोडं, डोळ्यांचं. अल्बिनो माणसाचे डोळे लाल असतात, ही समजूत सिनेमांनी पसरवली. प्रत्यक्षात ते बहुतेकदा निळसर, करडे किंवा फिकट तपकिरी असतात. बुबुळात रंग कमी असल्यानं विशिष्ट उजेडात आतल्या रक्तवाहिन्यांची लाली परावर्तित होते, एवढंच. खरी गंमत त्याच्या कितीतरी मागे आहे. दृष्टिपटलाच्या पाठीशी रंगद्रव्यानं भरलेला पेशींचा एक थर असतो. गर्भात डोळा घडत असताना या थराचं रंग बनवण्याचं काम नीट झालं नाही, तर दोन गोष्टी बिघडतात. दृष्टिपटलाच्या मध्यावर बारीक पाहण्यासाठी जो खळगा तयार व्हायला हवा, तो पुरता घडत नाही. आणि डोळ्यांपासून मेंदूकडे जाणारे तंतू वाट चुकतात. एरवी प्रत्येक डोळ्यातले निम्म्याहून थोडे अधिक तंतू मेंदूच्या विरुद्ध बाजूला जातात आणि बाकीचे त्याच बाजूला राहतात. दोन डोळ्यांची चित्रं एकमेकांवर जुळवून खोली कळते ती यामुळे. अल्बिनिझममध्ये त्याच बाजूला राहायचे बरेच तंतूही पलीकडे जातात.

म्हणून अल्बिनो मुलाला लावलेल्या चष्म्यानं नजर पूर्ण सुधारत नाही. अडचण भिंगात नसते, ती डोळ्याच्या मागच्या पडद्यात आणि मेंदूपर्यंतच्या वाटेत असते. आपण रंगाला शोभेची वस्तू समजतो, आणि इथे कळतं की हा रंग बघण्याचं यंत्र घडवण्यात मदत करत होता.

तंतूंच्या या चुकलेल्या वाटेचा माग अमेरिकेत काढला गेला आणि त्यात भारताचाही एक धागा आहे. 1960च्या दशकाच्या शेवटी विस्कॉन्सिन विद्यापीठात रे गिलरी यांना सयामी मांजरांच्या मेंदूत हा दोष आढळला. मग 1973 साली त्यांनी आणि जॉन कास यांनी तोच दोष एका पांढऱ्या वाघाच्या मेंदूत दाखवला. अशा पांढऱ्या वाघांचा वंश भारतातून गेला: रेवाचे महाराज मार्तंड सिंह यांनी 1951 साली पकडलेला पांढरा बछडा मोहन हा त्यांचा मूळपुरुष. त्याचीच संतती मोहिनी 1960 साली वॉशिंग्टनला गेली आणि व्हाइट हाउसच्या अंगणात तिला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यापुढे सादर करण्यात आलं. पांढरा वाघ पूर्ण अल्बिनो नव्हे, त्याचे पट्टे गडदच राहतात. पण 2013 साली चिनी शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्याच्या पांढरेपणाचं कारण ज्या जनुकात आहे, त्याच जनुकातल्या दोषांमुळे माणसातला एक अल्बिनिझम होतो. पांढऱ्या वाघांमध्ये तिरळे डोळे वारंवार का दिसतात, याचंही उत्तर त्यांच्या मेंदूतल्या वाटांत आहे. मांजर, वाघ यांच्यानंतर 1974 साली विटकॉप, किंग आणि सहकाऱ्यांनी मेंदूतल्या विद्युतलहरी मोजून माणसातही हाच प्रकार सिद्ध केला. जेफरसननं पाहिलेले थरथरते डोळे या दोषांचीच बाहेर दिसणारी खूण होती.

रंगाचा हात डोळ्यांवर थांबत नाही. 1959 साली प्रागमधल्या हर्मान्स्की आणि पुडलाक या डॉक्टरांनी दोन अल्बिनो रुग्णांची नोंद केली, ज्यांचं रक्त लवकर थांबत नसे. हा प्रकार जगात दुर्मीळ, पण अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटाच्या वायव्य भागात दर 1800 माणसांत एकाला तो असतो आणि दर 21 माणसांत एक वाहक असतो. अल्बिनिझमशी रक्ताचा काय संबंध? रंगाची पिशवी, रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बिंबिकांमधल्या दाट कणिका आणि फुप्फुसाच्या पेशींतल्या काही पिशव्या या एकाच कारखान्यातून निघतात. कारखान्याचं जनुक बिघडलं की तिन्ही बिघडतात. अशा माणसांना साध्या दात काढण्यातही खूप रक्त जाऊ शकतं, अ‍ॅस्पिरिन धोक्याची ठरते आणि मध्यम वयात फुप्फुसं कठीण होत जाऊ शकतात. म्हणूनच अल्बिनो मुलाच्या अंगावर सहज काळेनिळे डाग पडत असतील, नाकातून वारंवार रक्त येत असेल, तर डॉक्टरांना ते सांगणं फार महत्त्वाचं.

एकाच ठिकाणी इतके वाहक कसे जमतात? अमेरिकेत सर्वसाधारणपणे अठरा ते वीस हजारांत एक माणूस अल्बिनो असतो. पण अ‍ॅरिझोनातल्या होपी लोकांमध्ये हे प्रमाण 227 माणसांत एक आहे, असं 1969 साली 'सायन्स' नियतकालिकात चार्ल्स वुल्फ आणि फ्रँक ड्यूकपू यांनी दाखवलं. ड्यूकपू स्वतः अर्धे होपी होते. पुढे डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले होपी ठरले. उंच सपाट डोंगरमाथ्यांवरची होपी गावं शेकडो वर्षं लहान आणि जवळजवळ बंदिस्त राहिली. होपी आपल्या कुळात लग्न करत नाहीत. तरीही इतके अल्बिनो का, हे मराठी माणसाला लगेच कळायला हवं. आपण सगोत्र विवाह टाळतो, पण गोत्राबाहेरची जी जात आहे ती लहान आणि आपसातच सोयरीक करणारी असेल, तर पिढ्यांनंतर नातं जुळतंच. आणि मामाची मुलगी वेगळ्या गोत्राची असली तरी ती जनुकांच्या हिशेबात जवळचीच: आतेभाऊ-मामेबहिणीत सरासरी आठवा हिस्सा जनुकं समान असतात. नियम कुळाचा असतो, जनुकं कुळाचा नियम वाचत नाहीत.

शेजारच्या नवाहो लोकांत कारण वेगळं निघालं. त्यांच्यातल्या अल्बिनिझममागे पंधराव्या गुणसूत्रावरच्या जनुकातला एक मोठा तुकडाच गळून पडलेला आहे, 1,22,500 अक्षरांचा. 2003 साली हे प्रसिद्ध झालं. तपासलेल्या सर्व नवाहो रुग्णांत तुकडा तंतोतंत सारखा सापडला. याचा अर्थ ही एकाच पूर्वजापासून आलेली ठेव आहे.

होपींच्या बाबतीत वुल्फ आणि ड्यूकपू यांनी आणखी एक तर्क मांडला. होपी पुरुष दिवसभर मक्याच्या शेतात उन्हात राबत. अल्बिनो पुरुषांना तिथे पाठवत नसत. ते गावात राहून विणकाम करत. गावात त्यांना मान होता. बाकीचे पुरुष शेतावर असताना ते गावात होते, त्यामुळे त्यांची संतती जास्त झाली असावी, असा हा तर्क. समाजाच्या माणुसकीनं जनुकांचं प्रमाण बदलू शकतं, अशी ही विलक्षण कल्पना आहे.

त्याच देशात दुसऱ्या टोकाचंही उदाहरण आहे. व्हर्जिनियातल्या ट्रूव्हाइन गावच्या जॉर्ज आणि विली म्यूज या दोन काळ्या भावांना सर्कशीनं वर्षानुवर्षं 'मंगळावरचे राजदूत' म्हणून तिकीट लावून दाखवलं. आई मेली, असं त्यांना सांगितलं होतं. 1927 साली रोनोक गावी सर्कस आली आणि त्यांच्या आईनं, हॅरिएटनं, त्यांना गर्दीतून शोधून परत मिळवलं. पुढे सर्कशीवर दावा लावून तिनं त्यांच्या कमाईचा वाटा मिळवला. विली 2001 साली, वयाच्या 108व्या वर्षी वारले. एकच दोष, एका समाजानं सावलीत जागा दिली, दुसऱ्यानं पिंजऱ्यासारखा मंच.

उपचाराबाबत सांगायचं तर, अमेरिकेतल्या बेथेस्डाच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेत निटिसिनोन नावाच्या औषधाची एक छोटी चाचणी झाली. त्यानं रक्तातलं टायरोसिन वाढतं. ज्यांच्या टायरोसिनेजमध्ये थोडी तरी जान होती, अशा पाच प्रौढांत केस आणि कातडी किंचित गडद झाली. दृष्टी सुधारली नाही. डोळा गर्भात घडतो, म्हणून उशीर झालेला असतो. योगायोग पाहा, गॅरॉड यांच्या चार उदाहरणांतल्या दुसऱ्या एका दोषावर, अल्काप्टोन्यूरियावर, आज हेच औषध युरोपात मान्य आहे.

रंग भरून काढता येत नाही, पण उरलेली दृष्टी वापरायला मदत करता येते. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत चष्म्यावर बसवलेली छोटी दुर्बीण वापरून ही माणसं गाडीही चालवतात. 1982 साली स्थापन झालेली त्यांची संघटना पालकांना आणि शाळांना मार्गदर्शन करते. आपल्याकडेही करण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं बहुतेक स्वस्त आहे. उन्हात रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे, सनस्क्रीन, गॉगल. वर्गात फळ्याजवळची जागा, पण खिडकीकडे पाठ करून. मोठ्या अक्षरातली पुस्तकं, मोबाइलवर फळ्याचा फोटो काढून मोठा करून पाहायची मुभा. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीचा समावेश आहे. नेत्रतपासणीत दृष्टी त्या मर्यादेत बसली तर प्रमाणपत्र मिळू शकतं आणि परीक्षेत जास्तीचा वेळ मागता येतो. अल्बिनो मुलाची बुद्धी इतर मुलांइतकीच असते, हे मात्र त्याच्या शिक्षकांना कुणीतरी सांगावं लागतं. तुमच्या ओळखीत असं घर असेल, तर ते तुम्ही सांगा.